आधी उतार, मग चढ

सह्याद्रीत गडमाथा गाठला की चढ संपतो. वर बसून पिठलं-भाकरी खायची, आणि पुढे सगळा उतारच. सिडनीजवळच्या ब्लू माउंटन्समध्ये हिशोब उलटा. तुम्ही गाडी लावता तोच डोंगराचा माथा. कटूंबा गाव समुद्रसपाटीपासून हजार मीटरवर वसलेलं आहे. स्टेशनातून निघून गावातून चालत गेलं की रस्ता संपतो तो थेट कड्याच्या काठावर. वाट तिथून खाली दरीत जाते. खरा घाम परतताना निघतो, पोट भरलेलं आणि पोरं पेंगुळलेली असताना. आमच्या मराठी मंडळात नव्याने आलेल्यांना हे कितीही सांगा, पटत नाही. उतरताना सगळेच मावळे असतात.

आमच्या सिडनीच्या मंडळाचा बुशवॉक, म्हणजे रानवाटांची पायी सहल, ऑक्टोबरातल्या लाँग वीकेंडच्या रविवारी ठरलेला. बहुतेक वर्षी नेमक्या त्याच पहाटे न्यू साउथ वेल्समधली घड्याळं तासभर पुढे जातात. भिंतीवरच्या घड्याळावर कारभार चालायचा तेव्हा निम्मी मंडळी नऊचं ठरवून दहाला उगवायची, आणि कारण अगदी सरकारी असायचं. आता फोन आपला आपणच वेळ बदलतो. मंडळी दहालाच येतात, फक्त कारण गेलं. त्यात लाँग वीकेंडला रुळांचं काम निघालं की गाड्या बंद आणि त्यांच्या जागी बस, आणि हायवेवर अर्ध्या सिडनीला त्याच दिवशी डोंगर आठवलेला. तारीख बदलावी असा ठराव सर्वसाधारण सभेत दरवर्षी येतो आणि दरवर्षी पडतो. कारण त्या सुमाराला थंडी ओसरलेली असते, वाराटा या रानझुडपाची लालभडक फुलं उमललेली असतात आणि कोजागरीही आसपासच असते, त्यामुळे मसाला दुधाचे थर्मास आणायला निमित्त मिळतं.

गणपती आणि दिवाळीला आम्ही भाड्याच्या हॉलमध्ये भेटतो. तिथे माणसं आपापली माणसं हेरून बसतात. नाशिकचे नाशिककरांत, बँकेतले बँकवाल्यांत, आणि कार्यकारिणी पडद्यामागे भांडत. डोंगरात ही मांडणी पहिल्या दीडशे पायऱ्यांत मोडते. तुमच्या चालीने चालणारा तो तुमचा सोबती, मग तो कोणीही असो. माझी या देशातली पक्की मैत्री झाली ती अशीच, माझ्याइतक्याच वेळा थांबून ‘वा, काय व्ह्यू आहे’ म्हणणाऱ्या एका सोलापूरकर बाईंशी. दोघींनाही व्ह्यू नको होता, दम घ्यायचा होता.

वाटांमध्ये माझी लाडकी वेंटवर्थ फॉल्सची. जेमिसन क्रीकच्या काठाने निघायचं. 1836 च्या जानेवारीत चार्ल्स डार्विन याच ओढ्याकाठाने कड्यापर्यंत गेला होता आणि तिथल्या वाटेला आता त्याचंच नाव आहे. आमच्यातले एक निवृत्त जीवशास्त्राचे मास्तर ही माहिती ठरलेल्या जागी, ठरलेल्या शब्दांत देत. पोरं मागे उभी राहून त्यांच्याबरोबर ओठ हलवत. मास्तरांना ते ठाऊक होतं, आणि ते मुद्दाम एखादा शब्द बदलून त्यांना चकवत.

पुढे धबधबा. एकूण 187 मीटर खाली जाणारा, पण एका उडीत नव्हे, टप्प्याटप्प्याने. त्याच्या शेजारून ग्रँड स्टेअरवेच्या दगडी पायऱ्या उतरल्या की नॅशनल पास लागतो. ही वाट कड्याच्या पायथ्याशी नाही की माथ्यावर नाही, ऐन पोटात आहे. वालुकाश्माच्या दोन जाड थरांमध्ये मऊ, मातकट दगडाचा पट्टा आहे. तो आधी झिजतो आणि आडवी खाच तयार होते. शंभरहून जास्त वर्षांपूर्वी, 1908 च्या सुमाराला, कामगारांनी त्या खाचेतूनच ही वाट काढली. खाली पाहिलं की पाय लटपटतात, वर पाहिलं की टोपी पडते. डोक्यावरच्या दगडातून पाणी सतत ठिबकत असतं आणि तेवढ्याच ओलीवर नेचे जगतात. इथे आलेला प्रत्येक मराठी माणूस ‘अगदी कोकणकडा!’ म्हणतोच. मला ते पटत नाही. आपला कडा काळ्या बेसाल्टचा, हा केशरी-पिवळ्या वालुकाश्माचा. आपल्या धबधब्यांचा मोसम पावसाळ्याचा, इथे पाऊस केव्हाही येतो. आणि दरीवरचा तो निळसर धूसरपणा निलगिरीच्या झाडांनी हवेत सोडलेल्या तेलाचा म्हणतात. वास मात्र नक्की निलगिरीचाच येतो, लहानपणी सर्दीला छातीवर चोळायचे तोच.

कड्याच्या पोटातून चालत गेलं की व्हॅली ऑफ द वॉटर्समध्ये पोचतो आणि तिथून चढ सुरू. सुरुवातीला अंताक्षरी रंगलेली असते. सिल्व्हिया फॉल्सपर्यंत ती कडव्यावरून ओळीवर येते, पुढे नुसतं अक्षर सांगून मंडळी थांबतात. एम्प्रेस फॉल्सच्या डोहापाशी बसायचंच, हा नियम. तिथे वरच्या घळीतून दोर लावून धबधब्याच्या अंगानेच, साधारण 30 मीटर, उतरणाऱ्या लोकांचे गट येतात. खाली दगडांवर आमची रांग. हातात तिखटमिठाच्या पुऱ्या, डोळे वर. एकदा एक मुलगी मधेच अडकली. पाणी डोक्यावर कोसळतंय, पाय निसटतायत, आणि ती काही दोर सैल सोडेना. खालचा तिचा मार्गदर्शक ओरडून सूचना देत होता. आमच्या काकूंना राहवेना. त्या उठून शुद्ध मराठीत, ‘सोड गं बाई, सोड, काही होत नाही!’ म्हणाल्या. कसं कळलं देव जाणे, पण तिने सोडलं आणि झपकन डोहात आली. पाण्यातून बाहेर पडताच काकूंनी तिच्या ओल्या हातावर बेसनाचा लाडू ठेवला.

आई-वडील भारतातून आलेले असले की वाट बदलावी लागते. ज्यांचे गुडघे बोलतात त्यांना ब्लॅकहीथला न्यायचं. तिथली फेअरफॅक्स वाट गव्हेट्स लीपपर्यंत जाते, पावणेदोन किलोमीटरच्या आसपास, व्हीलचेअर आणि बाबागाडी दोन्ही चालतात. टोकाला ग्रोझ दरी आणि समोर 180 मीटर कोसळणारी पाण्याची धार. कटूंबाला गेलो तर थ्री सिस्टर्स या तीन सुळक्यांच्या शेजारून जायंट स्टेअरवेच्या नऊशेहून जास्त पायऱ्या उतरायच्या, फेडरल पासने झाडीतून चालायचं आणि सीनिक रेल्वेने वर यायचं. मूळची कोळशाच्या खाणीची ही गाडी 52 अंशांच्या चढावर चालते. शेवटची गाडी चुकली की फर्बर स्टेप्सच्या पायऱ्या चढा, या धाकाने आमचे सर्वांत गप्पिष्ट लोकही झपाझप चालताना मी पाहिलेत.

आणि जळवा. पाऊस पडून गेला की त्या असणारच. इथे वाढलेली आमची मुलं एरवी सापाला घाबरत नाहीत, पण मोज्यावर जळू दिसली की सगळा डोंगर डोक्यावर घेतात. एका वर्षी राजापूरकडच्या एक आजी सोबत होत्या, पायात कॅनव्हासचे बूट, अंगावर नऊवारी. किंचाळणाऱ्या नातीला त्यांनी खडकावर बसवलं, काकडीसाठी आणलेल्या मिठाची पुडी सोडली, चिमूटभर मीठ जळवेवर टाकलं आणि ती गळून पडेपर्यंत काकडी कापणं चालू ठेवलं. ‘भाताच्या खाचरात रोज पाच-सहा निघायच्या,’ एवढंच म्हणाल्या. उरलेलं मीठ काकडीला लावलं. नातीने काकडी खाल्ली नाही.

2019-20 च्या वणव्यांत ब्लू माउंटन्सच्या जागतिक वारसा क्षेत्राचा सुमारे 80 टक्के भाग होरपळला. पुढच्या ऑक्टोबरात कोविडमुळे मोठा मेळावा शक्य नव्हता. घरटी एक-दोन गाड्या करून आपापले गेलो आणि गव्हेट्स लीपच्या कठड्याशी एकमेकांना लांबून हात केले. खाली ग्रोझ दरीत काळ्या खोडांवर, फांद्यांना नव्हे तर थेट बुंध्यालाच, हिरवी पालवी फुटलेली. निलगिरीच्या सालीखाली दडलेले कोंब आगीनंतर असेच बाहेर येतात. मास्तर असते तर अर्धा तास बोलले असते. ते त्या वर्षी पुण्यात अडकलेले. मग त्यांच्या वाटचं त्या ओठ हलवणाऱ्या पोरांपैकीच एकाने सांगितलं, अगदी त्यांच्या ढबीत, मधला एक शब्द चुकीचा घालून.

2022 च्या पावसात दरडी कोसळल्या, वाटा बंद झाल्या, आणि तेव्हापासून निघण्याआधी कोणती वाट उघडी आहे ते नॅशनल पार्कच्या संकेतस्थळावर पाहणं आलंच. आता आयोजन पुढच्या पिढीकडे आहे. ती मुलं पोलिसांकडे सहलीची नोंद करतात आणि संकटात उपग्रहामार्फत ठावठिकाणा कळवणारं यंत्र कटूंबाच्या पोलीस ठाण्यातून फुकट उसनं आणतात. आमच्या वेळी सुरक्षा म्हणजे शेवटी चालणारे एक दणकट काका आणि त्यांची शिट्टी. पोरांचं बरोबर आहे, हे मला मान्य आहे. फक्त त्यांनी जेवणाच्या यादीत ‘प्रत्येकाने आपापलं सँडविच’ असं लिहिलं, तेव्हा बायकांची तातडीची बैठक झाली. पुऱ्या, दशम्या, शेंगदाण्याची चटणी पुन्हा यादीत आली. तळ्याकाठच्या बागेतल्या बार्बेक्यूवर मक्याची कणसं भाजायची आणि लिंबू-तिखट चोळायचं, हेही.

यंदाचा वाद ग्रँड कॅनियनचा. ब्लॅकहीथच्या इव्हान्स लुकआउटकडून घळीत उतरणारी ती वाट अंधारी, ओली, सुंदर. चाबूक ओढल्यासारखी शीळ घालणारा व्हिपबर्ड तिथे हमखास ऐकू येतो, लायरबर्ड पाचोळा उकरताना दिसतो. चढ मात्र शेवटी, आणि तोही बेरकी. सोलापूरकर बाई म्हणतात, गुडघे आता ऐकत नाहीत, फेअरफॅक्सला जाऊ. मी ग्रँड कॅनियनला हात वर केलाय, आणि त्यांनाही करायला लावणार आहे. व्ह्यूसाठी थांबायला जागा तिथे पुष्कळ आहेत.