घाटकोपरचं तिकीट

माझा मामा दादरहून घाटकोपरला जायला कायम विक्रोळीचं तिकीट काढायचा. लहानपणी मला वाटे, त्याचं तिकडे काही काम असेल. आईने खरं कारण सांगितलं तेव्हा मी दहावीत होते. खिडकीवर त्याच्या तोंडून ‘घा’ फुटत नसे, ‘वि’ फुटे. म्हणून तो पुढच्या स्टेशनचे पैसे भरायचा आणि एक स्टेशन आधी उतरायचा.

स्पीच थेरपी शिकायला मी मामासाठी गेले, असं मात्र नाही. नीटच्या गुणांत एमबीबीएस बसत नव्हतं. सीईटी सेलचा पसंतीक्रम भरताना बीएएसएलपी हे नाव दिसलं, ते भरलं. ऑडिओलॉजी आणि स्पीच थेरपीची चार वर्षांची पदवी, त्यात शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. कान आणि वाचा, दोन्हींचं शिक्षण एकत्र. मुंबईत हा कोर्स नायर हॉस्पिटलला आहे आणि वांद्रे रेक्लमेशनच्या अली यावर जंग संस्थेत, जी १९८३ पासून चालू आहे. नातेवाईक विचारत, “म्हणजे मुक्या-बहिऱ्यांची शाळा का?” पहिले सहा महिने मलाही धड उत्तर देता येत नव्हतं.

पहिल्या वर्षी शरीररचना, ध्वनीचं भौतिकशास्त्र आणि भाषाविज्ञान आलं. ‘चहा’तला च आणि ‘चमचा’तला च वेगळे आहेत, हे जन्मभर बोलत असूनही मी कधी ऐकलं नव्हतं. मुलाचा उच्चार तपासायचा तर आधी आपला कान तयार हवा. पुढे क्लिनिकमध्ये लालबागची एक आई तीन वर्षांच्या मुलाला घेऊन आली. तो फारच कमी बोलत होता. घरी इंग्रजीतच बोला, असं तिला कुणीतरी बजावलं होतं. म्हणून ती बिचारी ‘कम’, ‘सीट’, ‘वॉटर’ एवढ्यावर दिवस काढत होती. आमच्या मॅडम तिला म्हणाल्या, “ज्या भाषेत तुम्हाला लाड करता येतात आणि रागावता येतं, त्या भाषेत बोला.” ती बाई तिथेच रडली. घरची भाषा बोलल्याने मुलाचं बोलणं मागे पडत नाही, हे आजही मला जवळजवळ रोज कुणाला तरी सांगावं लागतं.

तिसऱ्या वर्षी तोतरेपणा शिकायला आला. तो बहुतेक दोन ते पाच वर्षांच्या वयात सुरू होतो, मुलग्यांमध्ये जास्त आढळतो. त्याचा घाबरटपणाशी किंवा बुद्धीशी संबंध नाही. मामाला लहानपणी वेखंड चाटवलं होतं, तोंडात खडे धरायला लावले होते, ‘सावकाश बोल’ तर दिवसातून दहादा ऐकवलं होतं. मॅडमनी काम दिलं : बाहेर जा, अनोळखी माणसांसमोर मुद्दाम अडखळा आणि समोरच्याचं वागणं वहीत टिपा.

मी दादर पूर्वेच्या तिकीट खिडकीवर गेले, संध्याकाळी सहाला. रांगेत असतानाच हात गार पडले. माझा नंबर आला. “घ्... घ्...” एवढं करून मी थांबले. आवाज अडकल्यावर जसं होतं तसं, ओठ उघडे आणि आत काही नाही. क्लार्कने मान वर केली. मागच्या गृहस्थांनी अगदी मायेने म्हटलं, “घाटकोपर द्या हो तिला.” तिकीट हातात आलं. मी घाटकोपर म्हणालेच नव्हते. कुणी हसलं असतं तर वहीत लिहायला सोपं गेलं असतं. त्या भल्या माणसाने माझा शब्द माझ्या तोंडातून काढून घेतला होता, आणि वर मला त्याचे आभारही मानावे लागले. त्या दिवसापासून मी कुणाचंही वाक्य पुरं करत नाही. पेशंटचं तर नाहीच.

इंटर्नशिप संपल्यावर भारतीय पुनर्वास परिषदेत नोंदणी करावी लागते. १९९२ च्या कायद्याने तिच्याशिवाय काम करता येत नाही. दहावीच्या आणि पदवीच्या कागदांवर नावाचं स्पेलिंग तंतोतंत एक आहे का, ते आधीच पाहून ठेवा. माझा अर्ज एका अक्षरापायी कित्येक आठवडे अडला होता.

नोंदणीचा नंबर आला त्या दिवशी पेढे घेऊन मामाकडे गेले आणि त्याला खिडकीवरची गोष्ट पहिल्यांदा सांगितली. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग विचारलं, “म... मागे रांगेत किती माणसं होती?”

“सात-आठ.”

हल्ली तो मोबाइलवर तिकीट काढतो, त्यामुळे खिडकीशी बोलायची वेळच येत नाही. त्यात मला त्याची सुटका दिसते आणि शब्द टाळण्याची जुनी सवयही. थेरपिस्ट म्हणून काय म्हणावं, हे माझं अजून ठरलेलं नाही. परवा मात्र त्याचाच फोन आला. रविवारी दुपारी दादरला गर्दी कमी असते, येतेस का बरोबर, तिकीट मी काढतो म्हणाला.