एप्रिल 2020 ची स्लिप

नवीन नेमणूकपत्र द्यायचंय म्हणून एचआरने सगळ्यांकडून जुने कागद मागवले. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आहेत आणि प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणं आता सक्तीचं आहे. मी कपाटावरची फाईल खाली काढली. माझ्या स्लिपा महिन्याच्या क्रमाने लावलेल्या असतात. वडील साखर कारखान्यात होते, पगाराचा कागद कधी फेकायचा नाही हे त्यांचं सांगणं. चाळता चाळता एप्रिल 2020 ची स्लिप हाताला लागली. कामाचे दिवस शून्य. पीएल, म्हणजे साठवलेली पगारी रजा, नऊ. विनावेतन रजा सतरा. हातात 5,593 रुपये.

तेव्हा मी वाळूज एमआयडीसीत एका प्रेस शॉपमध्ये क्वालिटीला होतो. दुचाकी गाड्यांना लागणारे पत्र्याचे पार्ट आम्ही करायचो. परमनंट अठ्ठावन्न, ठेकेदाराकडची सत्तरेक पोरं. 22 मार्चच्या जनता कर्फ्यूनंतर गेट उघडलंच नाही.

वर्तमानपत्रांनी लॉकडाऊनला 'टाळेबंदी' म्हणायला सुरुवात केली तेव्हा आमच्या बजाजनगरातली जुनी माणसं दचकली होती. एमआयडीसीत टाळेबंदी म्हणजे वाद झाला की मालक गेटला कुलूप लावतो ती. ती बेकायदा असेल तर पगार मागता येतो, हे प्रत्येक जुन्या कामगाराला पाठ आहे. ही नवी टाळेबंदी सरकारने केलेली. मग पगाराचं काय, असं सगळे एकमेकांना विचारत होते आणि उत्तर कुणाकडे नव्हतं.

उत्तर खरं तर आलं होतं. 29 मार्चला केंद्रीय गृह मंत्रालयाने आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली आदेश काढला होता. बंदच्या काळातला पगार ठरलेल्या तारखेला, कोणतीही कपात न करता द्या. कामगार भाड्याने राहत असतील तर घरमालकाने महिनाभर भाडं मागू नये. माझ्या मोबाईलवर तो आदेश एप्रिलमध्येच आला होता. मी तो घरमालकांना दाखवला आणि त्यांनी निमूटपणे मान्य केला. दोन खोल्या भाड्याने देणाऱ्या माणसाने आदेश पाळला आणि कंपनीने पाळला नाही, हे मी विसरू शकत नाही.

7 मेच्या संध्याकाळी बँकेचा मेसेज आला. आधी वाटलं ही अर्धी रक्कम असेल, उरलेली मागून येईल. मग व्हॉट्सअपवर स्लिप आली. मला न विचारता माझ्या नऊ पीएल वापरून टाकल्या होत्या. म्हणजे जे 5,593 रुपये मिळाले तेही माझ्याच साठवलेल्या रजेचे. एप्रिल महिन्याचा म्हणून कंपनीने स्वतःच्या खिशातून एक रुपयाही दिलेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी करमाडची बातमी आली. जालन्याच्या स्टील कारखान्यातले मध्य प्रदेशातले मजूर रुळांवरून चालत घरी निघाले होते. थकून रुळांवरच झोपले आणि मालगाडीखाली सोळा जण गेले. रुळांवर पसरलेल्या पोळ्यांचा फोटो सगळ्यांनी पाहिला असेल. करमाड आमच्यासाठी परकं गाव नाही, जालन्याला जाताना ते लागतं. त्या सकाळी बायको म्हणाली, "तुमचं निदान खात्यात काहीतरी आलं." मी स्लिप तिच्यापासून लपवून ठेवली होती ती तेव्हा दाखवली.

मेच्या अखेरीस गेट उघडलं. टेम्परेचर तपासायच्या टेबलाशेजारी दुसरं टेबल होतं, त्यावर एक छापील कागद. 'कंपनीची अडचण लक्षात घेऊन मी एप्रिल व मेचे वेतन स्वेच्छेने सोडत आहे.' सही केल्याशिवाय आत सोडत नव्हते. मी सही केली. घरी दोन मुली, किराणा दुकानात उधारी. त्या रांगेत उभं राहून कुणी स्वेच्छेने काही सोडलं असेल असं मला वाटत नाही.

कायदा काय म्हणतो हे मला त्यानंतर कळलं, एका युनियनच्या वकिलांमुळे. आमच्याकडे युनियन नव्हती, तरी त्यांनी रविवारी दोन तास बसवून समजावलं. 30 एप्रिललाच आपल्या इथल्या औरंगाबाद खंडपीठाने, न्यायमूर्ती रवींद्र घुगे यांनी, कारखानदारांच्याच याचिकांवर सांगितलं होतं की ज्या कामगारांना कामावर बोलावलेलं नाही त्यांना पूर्ण पगार द्या. वगळायचं तर फक्त प्रवासभत्ता आणि खाण्याचा भत्ता. जिथे काम सुरू झालंय तिथे कामगार आपणहून आला नाही तर पगार कापता येईल, हेही त्यात होतं. मला हा निकाल आजही पटतो. घरी बसलेल्या माणसाला रिक्षाभाडं कशाला? पण घरातली चूल तर पेटतेच.

वकिलांनी आणखी एक गोष्ट दाखवली. महामारीचा आदेश क्षणभर बाजूला ठेवा, म्हणाले, 1947 चा औद्योगिक विवाद कायदा बघा. माल नाही, वीज नाही, नैसर्गिक आपत्ती आली, अशा कारणांनी काम देता आलं नाही तर तो ले-ऑफ. पन्नास किंवा जास्त कामगार असतील आणि कामगाराचं वर्ष भरलेलं असेल, तर ले-ऑफच्या दिवसांचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून निम्मा द्यावा लागतो. माझे ते दोन्ही मिळून 13,400 होते. म्हणजे ले-ऑफ धरला असता तरी 6,700 रुपये मिळाले असते आणि रजाही शाबूत राहिली असती.

तोवर केंद्राचा 29 मार्चचा आदेश गेला होता. 18 मेपासून तो मागे घेतला. 12 जूनला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की त्या पन्नास दिवसांच्या पगारावरून मालकांवर सक्तीची कारवाई नको, मालक-कामगारांनी वाटाघाटी करून मार्ग काढावा, नाही जमलं तर कामगार खात्याकडे जावं. मी न्यायालयाचा आदर राखून लिहितो, पण वाटाघाटी करायला समोरासमोर बसावं लागतं. आमच्यात प्लांट हेडच्या केबिनमध्ये खुर्ची मिळालेला एकही माणूस नव्हता.

तरी आम्ही पाच जणांनी अर्ज लिहिला. त्याला बावीस सह्या मिळाल्या. कामगार उपायुक्त कार्यालयात चार तारखा झाल्या. तिथल्या अधिकाऱ्यांनी गेटवरचा 'स्वेच्छे'चा कागद हातात घेतला आणि कंपनीच्या माणसाला विचारलं की सगळ्यांच्या सह्या एकाच तारखेला, एकाच पेनाने कशा? त्यानंतर बोलणं पुढे सरकलं. एप्रिलचा निम्मा पगार दोन हप्त्यांत, दुसरा दिवाळीआधी, आणि नऊ पीएल परत. पूर्ण हक्काचं मिळालं नाही. पण जे मिळालं ते मागितल्यामुळे मिळालं.

माझा साडू वापीला असतो. गुजरात सरकारने 17 एप्रिलला अधिसूचना काढून बारा तासांची पाळी आणि ओव्हरटाईम साध्याच दराने केला होता. 1 ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली, महामारी म्हणजे कारखाने कायद्यातली सार्वजनिक आणीबाणी नव्हे असं म्हटलं आणि ओव्हरटाईम कायद्याप्रमाणे, म्हणजे दुपटीने, द्यायला सांगितला. त्या रात्री त्याचा फोन आला तेव्हा तो लहान मुलासारखा आनंदात होता.

पण मला सांगायचंय ते ठेकेदाराकडच्या पोरांबद्दल. आमच्या अर्जात त्यांचं नाव नव्हतं. आम्ही घेतलंच नाही. 'त्यांचं ठेकेदार बघेल,' असं आमच्यापैकीच एक जण म्हणाला आणि मी गप्प बसलो. तेव्हाच्या कंत्राटी कामगार कायद्यात स्पष्ट होतं की ठेकेदाराने पगार दिला नाही तर मूळ मालकाने द्यायचा आणि मग ठेकेदाराकडून वसूल करायचा. हे मला वकिलांकडे बसलो त्या रविवारीच कळलं होतं. अर्ज त्यानंतर आठ दिवसांनी दिला.

माझ्या शेजारच्या प्रेसवर सिल्लोडकडचा एक पोरगा होता. तीन वर्षं काम केलं, पण दर सहा-सात महिन्यांनी ब्रेक, म्हणजे वर्ष भरलं असं धरायला लागणारे दोनशे चाळीस दिवस कधी भरायचेच नाहीत. एप्रिलमध्ये ठेकेदाराचा फोन बंद. सरकारने प्रॉव्हिडंट फंडातून तीन महिन्यांचा मूळ पगार आणि महागाई भत्ता, किंवा जमा रकमेच्या 75 टक्के, यांपैकी कमी असेल ते काढायची मुभा दिली होती. ते कामगाराचेच पैसे, पण अडचणीला उपयोगी होते. मी सुद्धा काढले. त्याने माझ्याकडून अर्ज भरून घेतला तेव्हा दिसलं की त्याच्या स्लिपमधून फंड कापलेला आहे आणि खात्यात शेवटचे अकरा महिने काहीच जमा नाही. त्याने मोबाईल माझ्या हातातून हळूच परत घेतला. नंतर तो गावी मका पेरायला गेला, परत आला नाही.

गेल्या महिन्यात त्याचा फोन आला. चाकणला एका कंपनीत अनुभवाचा दाखला मागतायत. ठेकेदाराची फर्म बंद पडलीय, हजेरीचं रजिस्टर कुठे आहे कुणाला माहीत नाही. "दादा, मी तिथं होतो असं काही तुमच्याकडं आहे का?"

फाईलमध्ये स्लिपांच्या मागे एक फोटो निघाला. 2019 ची खंडेनवमी, प्रेसला झेंडूचा हार, आम्ही सगळे हळदीकुंकवाच्या बोटांनी उभे. तो डावीकडून तिसरा, गळ्यात गेटपास. मोठा करून पाहिला. नंबर वाचता येतो, 0417. मी तो फोटो त्याला पाठवलाय, आणि सोबत तो तीन वर्षं माझ्या शेजारच्या मशीनवर होता असं माझ्या सहीचं पत्र. ते चालेल का, हे त्याने अजून कळवलेलं नाही.