डीएलपीचे शेवटचे अकरा दिवस

डीएलपी, म्हणजे रस्त्यातले दोष ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायची मुदत, संपायला अकरा दिवस उरले होते. ठेकेदाराची अनामत सोडायची की नाही हे ठरवायला आम्ही सरकारी इंजिनीअर ठेकेदाराच्या माणसांसोबत कणकवली तालुक्यातल्या एका वळणावर संयुक्त पाहणी करत होतो. जूनचा दुसरा आठवडा, पावसाने नुकता जोर धरलेला. रस्ता मात्र काळाकुळकुळीत. मेअखेरीस ठेकेदाराने सील कोट, म्हणजे वरून डांबराचा पातळ थर, मारून घेतला होता. अनामत सुटायच्या आधी रस्त्याचा मेकअप होतो, हे आमच्याकडे नवीन नाही.

टपरीवाल्या आजोबांनी हाक मारली, "साहेबांनू, वायच हय येवा. पानी खयसून येता ता बगा."

डांबराच्या कडेच्या भेगेतून तांबडं पाणी बुडबुडत वर येत होतं. बोटाने उचकटलं तर पापुद्राच हातात आला. मनात म्हटलं, सापडला! लगेच खड्डा घ्यायला लावला. पट्टी लावली, तर डांबराची जाडी ५० मिलिमीटर हवी तिथे ५२ भरली. खालच्या जीएसबीची, म्हणजे पायाच्या थराची, खडीही चांगली होती, फक्त चिखलात बुडालेली. डोंगराच्या कटिंगमधून झिरपणारं पाणी थेट रस्त्याच्या पोटात जात होतं, कारण वरून येणारं गटार वळणाच्या ४० मीटर आधीच संपलं होतं.

ठेकेदाराचा इंजिनीअर वयाने माझ्याहून बराच लहान. काही न बोलता त्याने फाईल उघडून समोर धरली. सुधारित अंदाजपत्रक. काम मंजूर रकमेत बसवायला तेवढं गटार वगळलेलं. खाली 'तपासले' म्हणून सही माझीच.

काम बी-१ टेंडरवरचं, म्हणजे डिझाइन आमचं, बांधणी त्याची. साहित्य किंवा कारागिरी खराब निघाली तर डीएलपीत त्याला धरता येतं. गटार नाही म्हणून कसं धरणार? ईपीसी पद्धतीच्या कंत्राटात डिझाइनही ठेकेदाराच्याच गळ्यात असतं, त्यामुळे तिथल्या डांबरी रस्त्याच्या ५ आणि काँक्रीटच्या १० वर्षांच्या डीएलपीला वजन येतं. राष्ट्रीय महामार्गांच्या हॅममध्ये, म्हणजे ठेकेदार स्वतःचेही पैसे घालतो त्या पद्धतीत, तर ६० टक्के रक्कम १५ वर्षांच्या हप्त्यांत मिळते. पैसे अडकलेले असले की ठेकेदार पहिल्या रिंगला फोन उचलतो.

सरकारी नोकरीआधी मी तीन वर्षं एका ठेकेदाराकडे टेंडरं भरायचो. टेंडरात दराचे टक्के टाकताना डीएलपीतले पॅच हिशोबात धरलेलेच असायचे, कोकणातलं काम असलं की जरा जास्तच. ह्यानेही धरले असणार. म्हणजे या वळणाच्या गॅरंटीचे पैसे सरकारने भरले होते, आणि माझ्या एका सहीने ते पाण्यात गेले होते.

अहवालात मी जे दिसलं तेच लिहिलं. साहेबांनी वाचून चष्मा काढला आणि "स्वतःचंच नाव घालतोस?" एवढंच विचारलं.

इतर ठिकाणचे सतरा खड्डे ठेकेदाराने मुकाट्याने भरून दिले. त्याची अनामत सुटली. त्या ४० मीटर गटाराचं एस्टिमेट मी त्याच आठवड्यात वर पाठवलं. ते अजून मंजुरीत आहे. तोवर आजोबाच फावड्याने चर ओढून पाणी पलीकडे काढतात.