छतावरचा गणपती

रविवार, रात्री साडेदहा

न्हाणीघरासमोरच्या छताला ओल आलीय. जूनमध्ये बशीएवढा डाग होता, आता परातीएवढा. कडेने पिवळट रेघ, मध्ये रंगाचे पोपडे. आईला त्यात गणपती दिसतो, तोही उजव्या सोंडेचा, म्हणजे कडक. जाता-येता ती हात जोडते. मला आधी काहीच दिसत नव्हतं. तिने बोटाने सोंड दाखवली आणि तेव्हापासून तो डाग मला नुसता डाग म्हणून बघताच येत नाही.

दुपारी भाचा मोबाइल घेऊन आला. "मामा, मंगळावर हे तोंड कोणी कोरलं?" तोच जुना फोटो. 25 जुलै 1976 रोजी व्हायकिंग 1 यानाने सायडोनिया भागात टिपलेला. टेकडी साधारण दोन किलोमीटरची, ऊन तिरपं, म्हणून खळग्यांत सावल्या साचल्या: डोळे, तोंड. नाकपुडी तर सावलीसुद्धा नव्हे, संदेशातला गळालेला ठिपका! हा सावल्यांचा खेळ आहे, असं नासाने फोटो देतानाच सांगितलं होतं. ऐकतो कोण? त्या फोटोंतला एक ठिपका म्हणजे 43 मीटर जमीन. 2001 मध्ये मार्स ग्लोबल सर्व्हेयर यानाने फोटो काढला तेव्हा ठिपका दीड मीटरवर आला आणि चेहरा गेला. उरली झिजलेली टेकडी. भाच्याचं तोंड उतरलं.

मेंदूत चेहरे ओळखणारा एक भाग कानामागच्या बाजूला, मेंदूच्या तळाच्या घडीत असतो. त्याला पाव सेकंदही लागत नाही. आपण विचार करेपर्यंत त्याने निकाल दिलेला असतो. दोन ठिपके आणि खाली एक रेघ एवढ्यावर भागतं. आमच्या स्वयंपाकघरातलं तीन पिनांचं सॉकेट कायम दचकलेलं दिसतं ते त्यामुळेच. दोरीला साप समजून उडी मारणारा हसं करून घेतो, सापाला दोरी समजणारा मरतो. मेंदूने पहिली चूक पत्करलीय.

गंमत अशी, की काय दिसणार हे घरातच ठरतं. मृग नक्षत्रात आपल्याला हरीण आणि त्याच्या पोटात घुसलेला व्याधाचा बाण दिसतो. ग्रीकांना तिथेच शिकारी दिसला. त्या बाणाच्या व्याधाकडच्या टोकाच्या ताऱ्याजवळच दुर्बिणीला घोड्याचं डोकं सापडलं, 1888 च्या फोटोच्या काचेवर खगोलशास्त्रज्ञ विल्यमिना फ्लेमिंग यांना. धूळच ती. चंद्रावरच्या सशाचं तर काय सांगावं! 2021 च्या अखेरीस चीनच्या युतू-2 गाडीला चंद्राच्या पाठीमागच्या बाजूला क्षितिजावर झोपडी दिसली. जवळ जाऊन बघितलं तर दगड, आणि दगडाचा आकार सशाचा. युतू म्हणजेच जेड या रत्नाचा ससा. तिथेही घरचंच कोणीतरी भेटलं.

संध्याकाळी गवंडी आला. स्टुलावर चढला, बोटाच्या पेराने ठोकलं, वास घेतला. "वरचा नहाणी ट्रॅप गेलाय." म्हणजे वरच्यांच्या न्हाणीघरातलं पाणी जायचं भोक. त्याला गणपती दिसलाच नाही. आईने दाखवूनसुद्धा नाही. तीस वर्षं गळती बघणारा माणूस, त्याच्या ठिपक्यात मीटरभरही जमीन मावत नसेल.

आधी वरच्यांची लादी उखडायची, मग आमचं प्लास्टर. "सुकायला वेळ लागेल. गणपती होऊन जातील."

"बरंच झालं," आई म्हणाली. "विसर्जन त्यांच्याबरोबरच करू."