पावसाळ्यात पिल्लांची पाठ उघडी पडली तेव्हा

जुलैभर कोंबडीची पिल्लं मांगरातच, म्हणजे घरामागच्या खोपटातच, होती. बाहेर सोडावीत तर धो धो पाऊस, आणि उघडीप मिळाली की मुंगूस टपलेलंच. मालवण तालुक्यात घरामागे कोंबड्या पाळणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. टेम्पोवाल्याकडून घेतलेली गिरिराज जातीची पिल्लं, महिन्याच्या वरची, खाऊनपिऊन टवटवीत. तरी त्यातल्या काहींच्या शेपटीच्या मुळाशी, मग पाठीवर, लालसर कातडी दिसायला लागली.

सासूबाईंनी लगेच मानमोडीचा रोग ठरवला. पण मानमोडीत पिल्लू पेंगतं, धापा टाकतं, मान वाकडी होते, हिरवट हगवण लागते. ही तर दाण्यावर तुटून पडत होती. यांचं म्हणणं, वयात येताना पिसं बदलतायत. हे अगदीच खोटं नव्हतं. पिल्लाची लव पहिल्या पाच-सहा आठवड्यांत जाऊन पिसं येतात, आणि तीही पूर्ण मोठं होईपर्यंत पुन्हा बदलतात. पण त्यात पिल्लू असं उघडं पडत नाही. खालून नव्या पिसाची सळी, म्हणजे त्याचा दांडा, वर ढकलते म्हणून जुनं पीस गळतं, आणि दोन्ही अंगांना साधारण सारखंच गळतं. आमच्याकडे सळ्या अर्ध्यावर तुटलेल्या, मधेच खपल्या.

शेजारच्या काकींनी पिल्लांकडे पाहिलंसुद्धा नाही, खाली पसरलेल्या तुसाकडे पाहिलं. "अगो, पिसां गळली तर गेली खंय? तुसात एक तरी दिसता काय?" खरंच दिसत नव्हतं. "एकमेकांची खातत ती."

तरी उवा आहेत का ते बघून घेतलं. पिल्लू उताणं धरायचं, गुदाभोवतीची पिसं बाजूला करायची आणि टॉर्च मारायची. उवा असतील तर पिवळसर किडे पळताना दिसतात, पिसांच्या बुडाशी अंड्यांचे पांढरे पुंजके असतात. लाल कोळी मात्र दिवसा अंगावर सापडत नाहीत. ते फटींत दडतात आणि रात्री रक्त प्यायला बाहेर येतात. म्हणून रात्री बसायच्या दांड्याच्या सांध्यांवर पांढरं फडकं फिरवलं. लाल डाग पडला नाही. काकी जिंकल्या.

पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न केला, "खायला काय घालता?" कणी आणि कोंडा, इकडे सगळे घालतात तेच. ते म्हणाले, पीस म्हणजे जवळजवळ सगळं प्रथिनच. तांदळात ते सात-आठ टक्के, आणि या वयाच्या पिल्लाला वीसच्या आसपास लागतं. अंगावर पिसं फुटण्याच्या दिवसांत ते कमी पडलं की शेजारच्या पिल्लाचं पीस उपटून खायची सवय लागते. त्यात मांगरात दाटी, आणि रात्रभर मोठा दिवा. पहिल्या आठवड्यात ३५ अंश ऊब हवी, मग दर आठवड्याला साधारण तीन अंश कमी करत जायचं. अंगावर पिसं आलेल्या पिल्लाला आमच्याकडच्या जुलैत दिव्याची गरज उरत नाही. उलट उकाडा आणि लख्ख उजेड यांनी टोचाटोची वाढते.

दिवा त्याच रात्री बंद केला. मांगरातली लाकडं पडवीत हलवून जागा वाढवली. पिल्लांसाठी मिळणाऱ्या स्टार्टर खाद्याची पिशवी आणली. तिची किंमत ऐकून सासूबाईंनी कपाळाला हात लावला. सुकटही द्यायची होती, पण ती खारट असते आणि जास्त मीठ पिल्लांना बाधतं. म्हणून धुऊन, वाळवून, कुटून चिमूटभरच घातली. शेवग्याचा पाला दोरीने थोडा उंच टांगला. त्यावर उड्या मारण्यात त्यांचा निम्मा दिवस जायचा, आणि ते मला सगळ्या औषधांपेक्षा जास्त उपयोगी वाटलं. पावसात कोरडी माती कुठून मिळणार, तेव्हा चुलीची राख आणि गोठ्याच्या वळचणीखालची भुकटी घमेल्यात घालून ठेवली. पिल्लं त्यात लोळायला लागली.

जखमी पिल्लं वेगळी काढणं मात्र टाळता येत नाही. लाल रंग दिसला की बाकीची तिथेच टोचतात. डॉक्टरांनी दिलेलं जांभळं औषध लावलं, त्याने जखम झाकली जाते आणि जंतूही मरतात. टोचणाऱ्यांत एक तलंग कोंबडा पुढारी निघाला. त्याला डालग्याखाली ठेवल्यावर निम्मी भांडणं थांबली. बरी झालेली पिल्लं रात्री, सगळी बसल्यावर, आत सोडली. दिवसा सोडली असती तर पुन्हा धरपकड झाली असती.

नव्या पिसाच्या कोवळ्या सळीत रक्त असतं. ती मोडली की पुन्हा तोच खेळ सुरू. त्यामुळे सळ्या फुटून पिसं उलगडेपर्यंत घाई केली नाही. मुळासकट उपटलेली पिसं काही आठवड्यांत भरून आली. जिथे तुटका खुंट राहिला तिथे काहीच उगवलं नाही, कारण तो खुंट पुढच्या पीसबदलात गळल्याशिवाय खालून नवं पीस येत नाही. गणपतीत पाहुण्यांनी एका तलंगीच्या शेपटीकडे बोट दाखवून विचारलंच, हिला काय रोग झालाय? काकींनी माझ्याआधी उत्तर दिलं, "रोग नाय, तिका भावान खाल्ल्यान."