मारबत इडापीडा घेऊन जाते, पण किंमत कोण मोजतं?

कल्पनारम्य कादंबरी लिहायला घेतलेली नवी मंडळी बहुतेक वेळा नकाशा काढून बसतात. सात नद्या, चार राजघराणी, हजार वर्षांचा इतिहास. मग त्या नकाशावर पात्रं उभी करतात आणि ती उभीच राहतात. मी उलट क्रम सुचवते. आधी जादूची किंमत ठरवा. ती कोणाच्या खिशातून जाते हे कळलं की पात्र सापडतं.

नागपूरकरांच्या ओळखीचं उदाहरण घेऊ. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, इथे काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे मोठ्या बाहुल्यांसारखे पुतळे, मिरवणुकीने निघतात. १८८०च्या दशकापासूनची ही प्रथा. बांबूचा सांगाडा, त्यावर कागद, कापड, रंग. सोबत बडगे नावाचे पुतळे आणि गर्दीची आरोळी, ‘इडा पीडा घेऊन जा गे मारबत!’ शेवटी दहन. कादंबरीकाराने इथे थांबून विचारायचं: ती खरंच घेऊन जात असेल तर? जाळल्यावर रोगराई संपते, की धुराबरोबर शेजारच्या गावावर उतरते? बांबू बांधणाऱ्याच्या हातात काही उरतं का? एखाद्या वर्षी ती निघालीच नाही तर?

प्रश्न कितीही विचारा, उत्तर एकच निवडा. समजा, मारबत बांधणारा कारागीर दर वर्षी स्वतःची एक आठवण गमावतो. एवढ्या एका नियमातून तीन माणसं निघतात. आपण काय काय विसरलो याचा पत्ताच नसलेला म्हातारा कारागीर. त्याची मुलगी, जिला तो आता ओळखत नाही. आणि साथीने हैराण झालेल्या वस्तीचा पुढारी, ज्याला यंदा एकाऐवजी दोन मारबती हव्यात. तिघांपैकी कुणीही दुष्ट नाही, तरी तिघांचं एकमेकांशी जमणं शक्य नाही. मुलगी बांबू हातात घेते की नाही, यावर तीनशे पानं सहज उभी राहतात.

किंमत ठरवताना चुका ठरलेल्या असतात. ‘मंत्र म्हटला की थकवा येतो’ ही किंमत नव्हे, थकवा झोपेने जातो. परत न मिळणारं काहीतरी जायला हवं. दुसरी चूक म्हणजे किंमत अनोळखी गर्दीने मोजणं. दूरच्या गावातले हजार लोक मेले तरी वाचक पान उलटतो. सगळ्यात वाईट चूक शेवटी होते, नायक ‘निवडलेला’ म्हणून त्याला सूट मिळते. इतका वेळ ज्या नियमावर वाचकाने विश्वास ठेवला, तो लेखकानेच मोडलेला असतो. ही सूट मी कोणत्याही कारणासाठी देणार नाही.

नियमांसाठी एक वेगळी वही ठेवा. प्रत्येक नियमाला एक पान आणि पानावर चार रकाने: काय करता येतं, काय येत नाही, किंमत कोण मोजतो, हे कोणाकोणाला माहीत आहे. चौथा रकाना लोक गाळतात, आणि पुनर्लेखनात सर्वाधिक चुका तिथेच सापडतात. दहाव्या प्रकरणात मुलगी असं काही बोलते, जे तिला अठराव्यात कळणार असतं. नियम सहा-सातच्या वर गेले तर दोन एकत्र करा. ज्या नियमावर शेवट उभा आहे तो आधी तीनदा दिसला पाहिजे: एकदा सहज, एकदा फसलेला, एकदा कुणीतरी किंमत मोजताना. कादंबरी तीस प्रकरणांची असेल तर पहिलं दर्शन पाचव्याच्या आत.

नकाशा लागतो तो प्रवासापुरता. बैलगाडी दिवसाला २०-२५ किलोमीटर जाते. नागपूर ते रामटेक साधारण ५०, म्हणजे वाटेत एक मुक्काम आलाच. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर असेल तर भर दुपारी बैल चालत नाहीत, आणि मुक्काम दोन होतात. एवढ्यावरून कथानकाची एक रात्र वाढते.

संवादांत मात्र घाई करू नका. आपल्याकडे तलवार दिसली की सगळी पात्रं संस्कृतप्रचुर बोलू लागतात. कारागिराला ‘मले’, ‘तुले’, ‘काऊन’ द्या; वाक्याला अशी एखादी खूण पुरते. प्रत्येक क्रियापद मोडून लिहिलं तर बाहेरचा वाचक थकतो आणि इथल्याला ती आपली नक्कल वाटते.

रूपांतराच्या वेळी हीच वही कामी येते. पटकथेचं एक पान म्हणजे ढोबळमानाने पडद्यावरचं एक मिनिट. दोन तासांच्या चित्रपटाला ८०,००० शब्दांची कादंबरी मावत नाही. कापायचं कुणाला? जो किंमत मोजत नाही, दुसऱ्याला मोजायला लावत नाही आणि कोणतं गुपितही बाळगत नाही, त्याला दुसऱ्या पात्रात विरघळवा. घटना बदलल्या तरी चालतील, किंमत बदलली की गोष्ट दुसरीच होते. कादंबरीत विस्मरणावर चार पानं लिहिता येतात, पडद्यावर ते दिसावं लागतं. रोज ‘माय’ म्हणणारा बाप दारात उभ्या मुलीला विचारतो, ‘कोण पाहिजे जी तुम्हाले?’ चार पानांचं काम या एका ओळीने होतं. ऑडिओबुकमध्येही ती तितकीच चालते; मिनिटाला १३० शब्द धरले तर ती कादंबरी दहा तासांवर जाते, तेव्हा ‘रेवा’ आणि ‘रेखा’ अशी कानाला सारखी नावं आधीच बदलून घ्या. झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, रात्रभर चालणाऱ्या नाटकासाठी लिहिलंत तर गाण्यांना जागा ठेवावी लागेल.

रूपांतराचे हक्क देण्याचा करार वाचताना १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १९ समोर ठेवा. हक्कांचं हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी लागतं. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. हक्क घेणाऱ्याने एका वर्षात ते वापरले नाहीत तर ते संपतात, पण करारात वेगळं लिहिलेलं नसेल तरच. म्हणून ‘कायमस्वरूपी’, ‘जगभर’ आणि ही एक वर्षाची अट रद्द करणारं वाक्य, या तीन जागा आधी शोधा. चित्रपट, मालिका, ऑडिओ आणि रंगभूमी यांचे हक्क वेगवेगळे लिहून घ्या. दुसरा भाग डोक्यात असेल तर पात्रं पुढच्या पुस्तकात वापरण्याचा हक्क आपल्याकडेच राहील, असं कलम सहीच्या आधी घालून घ्या.