ट्रकला हायब्रिड किट बसवायला निघालो: माझा अनुभव

“सर, सर्टिफिकेट दोन दिवसांत पाठवतो.” किट विकणाऱ्या कंपनीचं हे वाक्य मी जुलैपासून डिसेंबरपर्यंत ऐकलं. अजून कुणी ‘दोन दिवसांत’ म्हणालं की डोकं तापतं. मार्केट यार्डात आमच्यातलेच दोघं-तिघं त्याच किटची चौकशी करतायत असं परवा कळलं, म्हणून सगळं लिहून काढतोय. ॲडव्हान्स देण्याआधी एवढं वाचा.

माझी गाडी सहा चाकी, २०१८ची, बीएस-४, पासिंग (मालासकट वजन) १६.२ टन. मी स्वतःच चालवतो. कोल्हापुरातून गुळाचे रवे (ढेपा) भरायचे, फुलेवाडी, कळे, साळवण करत गगनबावड्याला जायचं, करूळ घाट उतरून कोकणात माल टाकायचा आणि येताना जांभ्याचा चिरा भरून तोच घाट चढायचा. म्हणजे उतरतानाही लोड, चढतानाही लोड. घाट उतरून खाली गाडी बाजूला घेतली की ब्रेकच्या लायनरचा करपट वास येतो, मागच्या ब्रेक ड्रमजवळ हात नेववत नाही. (तापलेल्या ड्रमवर पाणी मारू नका. माझा एक ड्रम असाच तडकलाय.)

हायब्रिडचं मनात भरलं ते या वासामुळं. हिशेब साधा आहे. सोळा टनांची गाडी शंभर मीटर खाली उतरली की जवळजवळ ४.४ युनिट विजेएवढी ऊर्जा मोकळी होते. आज त्यातली बरीचशी ड्रम तापवण्यात जाते. हायब्रिडमध्ये इंजिनाच्या जोडीला मोटर असते. उतारावर तीच मोटर जनरेटर होऊन बॅटरी भरते आणि चढाला इंजिनाला हात देते. गुळाच्या वजनानं भरलेली बॅटरी चिरा वर ओढायला कामाला येणार, हे ऐकून मला दोन रात्री झोप लागली नव्हती.

किट विकणारी कंपनी बाहेरगावची. नाव लिहीत नाही. डिझेलमध्ये तीस टक्के बचत सांगितली, साडेसहा लाखांचं कोटेशन दिलं. मी ७५ हजार एनईएफटीनं पाठवले. गाडीवर अजून कर्ज आहे, त्यामुळं फायनान्सची एनओसी लागली, ती आठवड्यात मिळाली.

मग मी आरटीओत विचारायला गेलो. किट बसवायच्या आधी गेलो हे माझं नशीब. तिथल्या साहेबांनी किंमत विचारली नाही, ॲव्हरेज विचारलं नाही. एकच प्रश्न केला, “कुठल्या मॉडेलचं अप्रूव्हल आहे? कागद आणा, मग बोलू.” नियम त्यांनीच समजावून सांगितला. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत असा बदल आपल्या मनानं करता येत नाही. हायब्रिड किट जुन्या गाडीला बसवायची वाट २०१६ साली केंद्राच्या नियमांत खुली झाली, पण किटला मान्यताप्राप्त टेस्टिंग संस्थेचं टाइप अप्रूव्हल, म्हणजे तपासणी करून दिलेली मंजुरी, पाहिजे आणि त्यात तुमच्या गाडीचं मॉडेल बसलं पाहिजे. त्यासाठी एआयएस-१२३ नावाचं मानक आहे. साडेतीन टनांपर्यंतच्या गाड्यांचा भाग वेगळा, त्यावरच्या गाड्यांचा वेगळा. हे ‘वेगळा’ मी तेव्हा नीट कानात धरलं नाही.

त्याच संध्याकाळी कंपनीला फोन केला. “दोन दिवसांत पाठवतो.” आठ दिवसांनी व्हॉट्सॲपवर एक कागद आला. तो आयएसओचा निघाला, म्हणजे त्यांच्या कारखान्याच्या कामकाजाचा. माझ्या गाडीशी त्याचा संबंध नाही. पुन्हा फोन. मग बॅटरीच्या सेलचा टेस्ट रिपोर्ट आला. पुन्हा फोन. गणपतीच्या आदल्या दिवशी एक तिरका काढलेला फोटो आला, त्यात शिक्का तेवढा दिसत होता. नवरात्रात एकदाचं खरं सर्टिफिकेट आलं, चार पानी, टेस्टिंग संस्थेचं. मी आनंदानं प्रिंट काढली आणि आरटीओच्या फाईलला लावली.

माझी पुतणी इंजिनिअरिंगला आहे. जेवताना तिनं फाईल चाळली आणि दुसऱ्या पानावर बोट ठेवलं. “काका, इथं एन-१ लिहिलंय. तुमची गाडी एन-३ ना?”

मला हे माहीत नव्हतं, म्हणून तुम्हाला सांगतो. मालवाहू गाड्यांना ‘एन’ म्हणतात. साडेतीन टनांपर्यंत एन-१, साडेतीन ते बारा टन एन-२ आणि बारा टनांच्या वर एन-३. वजन म्हणजे मालासकट, आरसीवर असतं ते. म्हणजे मला आलेला कागद छोट्या हत्तीसारख्या गाडीचा होता आणि मी तो सोळा टनांच्या ट्रकला लावून बसलो होतो. एका आकड्याचा फरक, पण त्या आकड्यावरच सगळं अडलेलं.

फोन केला तर म्हणाले, “टेक्नॉलॉजी सेमच आहे सर.” टेक्नॉलॉजी सेम असेल, ब्रेक लावल्यावर मागून ढकलणारं वजन सेम नाही! आठ दिवसांनी उत्तर बदललं, “एन-३चं प्रोसेसमध्ये आहे.” दिवाळीनंतर मी गाडी उभी करून त्यांच्या ऑफिसला गेलो. सकाळी साडेदहाला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलो, चार वाजता आत बोलावलं. समोरचा माणूस हसून म्हणाला, “आत्ता किट बसवून घ्या, कागद मागून येईल. एवढं कोण बघतंय?”

मी तिथंच उठलो. कोण बघतंय? अपघात झाला की विम्याचा सर्व्हेअर बघतो. आरसीवर नोंद नसलेली मोटर आणि बॅटरी गाडीत सापडली की क्लेमवर पहिलं बोट तिथंच. शिवाय कायद्याच्या १८२-अ कलमात अशा बदलाला गाडीमालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा बदलागणिक पाच हजार दंड, किंवा दोन्ही आहे. किट विकणारा तेव्हा घाटात नसतो, स्टेअरिंगवर मी असतो.

पैसे परत मागितले तर “पॉलिसीत नाही.” इथं मात्र मी मागं हटलो नाही. एनईएफटीची पावती, कोटेशन, सगळे मेसेज आणि तो एन-१चा कागद लावून वकिलांकडून नोटीस स्पीड पोस्टानं धाडली. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर तक्रार नोंदवली. ट्रकवाल्यांना सांगतात की धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूला ग्राहक कायदा लागू नाही. ते अर्धंच खरं आहे. स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगार म्हणून घेतलं असेल तर २०१९च्या कायद्यातही आपण ग्राहक धरले जातो. स्वतः गाडी चालवणाऱ्यानं हे नोटिशीत ठळक लिहून घ्यावं. डिसेंबरमध्ये दोन हप्त्यांत सगळे ७५ हजार परत आले. दुसरा हप्ता जमा झाल्याचा मेसेज आला तेव्हा मी असळजच्या पुढं चहाला थांबलो होतो. घरी फोन लावला तर आवाज फुटेना.

कोटेशन घेताना मी विचारायला हवं होतं ते आणखी एक म्हणजे मोटर किती किलोवॉटची आणि बॅटरी किती युनिटची. वीस किलोवॉटची मोटर अर्ध्या तासाच्या उतारात जास्तीत जास्त दहा युनिट परत घेणार. बॅटरी पाच युनिटची असेल तर ती अर्ध्या घाटातच भरली, पुढचा सगळा भार पुन्हा ड्रमवर. तीस टक्के बचत यातून कशी निघते ते त्यांनी कागदावर मांडून दाखवावं. पुण्या-बेंगळुरूच्या हायवेवर एका चालीत पळणाऱ्या गाडीला तर परत मिळण्यासारखं फारसं नाहीच, कारण ब्रेकच कमी लागतो. शहरात दहा ठिकाणी थांबत माल टाकणाऱ्या छोट्या गाडीला फायदा जास्त. तुमची गाडी तशी असेल आणि एन-१चा कागद तुमच्याच मॉडेलचा असेल, तर जरूर चौकशी करा. मी किटच्या विरोधात नाही.

आणि वजन विचारा. किट २१० किलोचं असेल तर तीस किलोचे सात रवे प्रत्येक खेपेला कमी भरायचे. पासिंग काही वाढत नाही.

कागद मागताना फोटो घेऊ नका, पूर्ण पीडीएफ मागा. त्यात वर्ग, मॉडेल, इंजिन आणि वजन आपल्या आरसीशी एकेक ओळ लावून बघा. तेही ॲडव्हान्सच्या आधी.

परत आलेल्या पैशातून उद्यमनगरात एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाच्या धुराची वाट अडवून गाडीचा वेग धरणारा) दुरुस्त करून घेतला, तो दोन वर्षं नीट चालत नव्हता. चारही ड्रमचे लायनर बदलले. आता गगनबावड्यातूनच खालचा गिअर टाकून घाट उतरतो. खाली थांबल्यावर वास येतो, पण पूर्वीसारखा नाही. एन-३चा कागद, माझ्या मॉडेलचा, कुणी हातात ठेवला तर साडेसहा लाख जमवायची माझी आजही तयारी आहे.